योग्यतेची मुदत

दर्शपूर्णमास इष्टीमध्ये पुरोडाशासाठी जे भात काढून घ्यावयाचे, त्यावर प्रथम मंत्रपूर्वक पाणी शिंपडावे आणि मग ते उखळात घालून कांडावे, असा विधी आहे. आणि या दोन साध्या क्रियांपैकी दुसरीविषयी कोणाचीच हरकत नसली, कारण कांडल्याने तूस निघून तांदूळ मोकळा होतो हे डोळ्यांना दिसते, तरी पहिलीने मात्र मीमांसकांना आणि नैयायिकांना कित्येक शतके वादात गुंतवून ठेवले. प्रोक्षणाने दाण्यात काय पालटते? त्याचा रंग तोच, आकार तोच, चव तीच. शिंपडलेले पाणीही घटकाभरात वाळून जाते. आणि तरीही प्रोक्षित व्रीही, म्हणजे तेच भात, यज्ञास योग्य व अप्रोक्षित व्रीही अयोग्य, असा भेद शास्त्र करते. हा भेद राहतो कोठे? मीमांसकांचा निर्वाळा असा की, प्रोक्षणाने व्रीहीतच एक शक्ती येते, जी डोळ्यांना दिसत नाही, परंतु जिच्यावाचून पुढचे कर्म सफल होत नाही. उलट पक्षी, दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधीवर मिथिलेत होऊन गेलेले उदयनाचार्य ‘न्यायकुसुमांजली’त असे प्रतिपादन करतात की, संस्कार होतो तो प्रोक्षण करणाऱ्या पुरुषाच्या ठिकाणी, व्रीही होता तसाच राहतो.

हा वाद केवळ पंडितसभेपुरता आहे असे मला कधीच वाटले नाही. स्नानाने मनुष्य शुद्ध होतो म्हणजे नेमके काय होते. उपनयनाने बटूला जो अधिकार येतो तो त्याच्या देहात येतो, बुद्धीत येतो, की पाहणाऱ्या समाजाच्या दफ्तरात नुसता नोंदला जातो. आणि एकदा आलेली योग्यता किती काळ राहते. हे प्रश्न, ज्याने आपल्या धर्माचा आस्थेने विचार केला आहे त्याला, टाळता येण्याजोगे नाहीत. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचा जो दुसरा खंड १९४१ साली प्रसिद्ध केला, त्यातील संस्कारांच्या विवेचनात त्यांनी शबरस्वामी आणि कुमारिलभट्ट या मीमांसकांचाच आधार घेतला आहे, आणि तो यथार्थ आहे. शबरांच्या मते, जे घडून आल्यावर एखादा पदार्थ कोणत्यातरी कार्यास योग्य होतो, ते संस्कार होय. कुमारिलांनी त्यात एका मार्मिक विभागाची भर घातली: ही योग्यता दोन वाटांनी येते, असलेला दोष काढून टाकल्याने किंवा नसलेला गुण उत्पन्न केल्याने. या विवेचनात पवित्रतेची भाषा जवळजवळ नाही. ‘कशासाठी योग्य?’ हा एकच प्रश्न मीमांसक पुन्हा पुन्हा विचारतो, आणि त्याचे उत्तर मिळाल्यावाचून तो पुढे सरकत नाही.

या विचाराची परीक्षा घेण्यासाठी मी जो दाखला पुढे ठेवणार आहे तो आजच्या कारखानदारीतला आहे. मोटारीच्या पुढच्या दिव्याची मागची पेटी पुष्कळदा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची असते आणि तिच्यावर पारदर्शक भिंग चिकटवावयाचे असते. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त, हलके, तापमान सोसणारे, रसायनांना न जुमानणारे असे गुणी द्रव्य आहे; परंतु त्याचा एक स्वभाव असा की, ते कोणाशीच लगट करीत नाही. त्यावर शाई ठरत नाही, रंग धरत नाही, चिकटद्रव्य लावले तर सुकल्यावर सालीसारखे निघून येते. पाण्याचा थेंब त्यावर ठेवला असता तो पसरण्याऐवजी अंग चोरून गोळा होऊन बसतो, आणि थेंबाची कड पृष्ठाशी जो कोन करते तो शंभर अंशांच्या आसपास भरतो. अशा पेटीच्या काठाला जी खाच असते, तिच्यावरून चिकटद्रव्य ओतण्यापूर्वी एक यांत्रिक हात निळसर-जांभळ्या ज्योतीचे तोंड फिरवून नेतो. ज्योत पुढे सरकते. खाच पूर्वी दिसत होती तशीच दिसते. वजनकाट्याला फरक कळत नाही, बोटाला स्पर्श निराळा लागत नाही. परंतु आता तेथे ओतलेले चिकटद्रव्य असे धरते की, जोड ओढून तोडू गेल्यास पुष्कळदा चिकटद्रव्यच मधून फाटते आणि पृष्ठाला धरलेली त्याची बाजू सुटत नाही.

ती ज्योत म्हणजे प्लाझ्मा. वायूला विजेच्या बळाने इतके डिवचावे की त्याच्या काही अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटून मोकळे व्हावेत, म्हणजे जी अवस्था होते तिला हे नाव १९२८ साली अर्व्हिंग लँगम्युर यांनी दिले. घरातल्या नळीच्या दिव्यात, आकाशातल्या विजेत आणि सूर्यात हीच अवस्था आहे. लँगम्युर अमेरिकेत स्केनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत विजेच्या दिव्यांवर काम करीत होते. दिव्यातील टंगस्टनच्या तारेवर वायूचे रेणू कसे बसतात याचा शोध घेता घेता त्यांनी पृष्ठावर एकाच रेणूच्या जाडीचा थर कसा साचतो याचे शास्त्र उभारले आणि १९३२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते याच पृष्ठरसायनाबद्दल. एकाच पुरुषाने प्लाझ्माचे नामकरण करावे आणि पृष्ठाचे शास्त्रही घडवावे, आणि पुढे काही दशकांनी या दोन विद्यांचा कारखान्यात असा समागम व्हावा, ही गोष्ट मला मोठी चित्तवेधक वाटते. कारण दिव्याच्या काचेत कोंडलेला वायू आणि तारेचे पृष्ठ यांच्या सीमेकडे त्यांनी जितक्या बारकाईने पाहिले, तितके त्यांच्यापूर्वी फार थोड्यांनी पाहिले असेल.

या अग्नीचे वैशिष्ट्य समजून घेतल्याशिवाय पुढचा विचार होणार नाही. कारखान्यात ही क्रिया उघड्या हवेतही करतात आणि बंद पेटीतही करतात. बंद पेटीतील हवा पंपाने ओढून घेऊन दाब वातावरणाच्या सहस्रांशाइतका किंवा त्याहूनही कमी करावयाचा, मग तिच्यात थोडा ऑक्सिजन किंवा अरगॉन सोडावयाचा आणि सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार आंदोलनांचे विद्युत्क्षेत्र लावावयाचे. अशा क्षेत्रात हलके इलेक्ट्रॉन तेवढे वेगाने धावू लागतात आणि त्यांचे तापमान १०,००० अंशांच्या वर जाते. परंतु जड आयन आणि तटस्थ रेणू जवळजवळ थंडच राहतात, कारण इतक्या विरळ वायूत इलेक्ट्रॉनांना आपली ऊर्जा त्यांच्या हवाली करण्याइतक्या टकरी घडत नाहीत. म्हणून प्लास्टिक वितळत नाही. होते ते इतकेच की, पृष्ठावरचे तेल, धुळीतील सेंद्रिय अंश, साच्यातून सुटताना लागलेले वंगण हे सर्व ऑक्सिजनाशी संयोग पावून वायुरूप होते आणि पंपावाटे बाहेर जाते. आणि त्याच वेळी पृष्ठावरच्या साखळ्यांतील कार्बन-हायड्रोजनचे काही बंध तुटून त्या जागी ऑक्सिजन बसतो, म्हणजे हायड्रॉक्सिल, कार्बोनिल, कार्बोक्सिल असे गट तयार होतात, ज्यांना पाण्याचे, शाईचे आणि चिकटद्रव्याचे आकर्षण असते. हा सारा व्यवहार जेमतेम १० नॅनोमीटर खोलीत आटोपतो, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. त्याखाली असलेल्या प्लास्टिकला काही घडल्याची वार्ताही लागत नाही.

दोष काढणे आणि गुण घालणे या कुमारिलांच्या दोन वाटा येथे एकाच क्रियेत, एकामागून एक, उघड्या डोळ्यांनी नव्हे पण उपकरणांनी स्वच्छ पाहता येतात. गांधीनगर येथील प्लाझ्मा संशोधन संस्थेने अंगोरा सशाच्या लोकरीवर जे काम केले ते तर दुसऱ्या वाटेचा शुद्ध नमुना आहे: ती लोकर स्वच्छ असली तरी तिचे तंतू इतके गुळगुळीत असतात की पिळात एकमेकांना धरून राहत नाहीत, प्लाझ्माने त्यांच्या पृष्ठाला किंचित खरखरीतपणा आला की सूत कातता येते. तेथे काढण्यासारखा मळ नव्हता. जो नव्हता तो गुण घालावा लागला.

येथे मी एक गोष्ट स्पष्ट करून ठेवतो. आमच्या पूर्वजांना प्लाझ्मा ठाऊक होता, किंवा प्रोक्षणात काही गुप्त पदार्थविज्ञान दडले आहे, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. तसे म्हणण्याने शबरांचाही सन्मान होत नाही आणि लँगम्युरांचाही. मीमांसकांनी योग्यता या कल्पनेचा विचार केला, आणि तो इतका काटेकोर केला की हजार-दीड हजार वर्षांनी निराळ्याच क्षेत्रात घडणारी क्रियाही त्या चौकटीत तपासता येते. मला त्या चौकटीचाच उपयोग करावयाचा आहे.

त्या चौकटीतूनच पहिला आक्षेप येतो, आणि तो बलवान आहे. मीमांसेचा दंडक असा की, जेथे दृष्ट फल सापडते तेथे अदृष्टाची कल्पना करू नये. प्लाझ्माचे फल तर दृष्ट आहे. तेव्हा त्याची गणना कांडण्यात करावी, प्रोक्षणात नव्हे, आणि मग त्याचा दाखला प्रोक्षणाच्या वादात आणणेच गैर ठरेल. या आक्षेपाचा मी पुष्कळ विचार केला. माझे उत्तर असे की, या क्रियेचे स्थान दोघींच्या मध्ये आहे, आणि तेथेच तिचे मोल आहे. कांडलेला तांदूळ एकटा पाहिला तरी तो कांडलेला आहे हे कळते. प्लाझ्मा दिलेली पेटी एकटी पाहिली तर काहीच कळत नाही. तिला दुसऱ्या कोणाच्या तरी समोर उभे करावे लागते. कारखान्यात तिच्यावर पाण्याचा थेंब ठेवतात, किंवा ठरावीक डाइनच्या, म्हणजे ठरावीक पृष्ठताणाच्या, शाईची रेघ ओढून ती पसरून राहते की थेंबाथेंबांनी गोळा होते हे पाहतात. शंभर अंशांचा कोन उतरून पन्नास-साठापर्यंत आला, तर पृष्ठ तयार आहे असे समजावयाचे. यज्ञात पाणी हे संस्काराचे साधन होते. येथे ते संस्काराचे साक्षीदार आहे. म्हणजे ही योग्यता वस्तूत आहे हे खरे, परंतु ती वस्तूचा रंग किंवा वजन जसे आहे तशी नाही. ती कोणाच्यातरी अपेक्षेने आहे, आणि तो दुसरा येईपर्यंत तिच्या अस्तित्वाचा पुरावा देता येत नाही.

मीमांसकांना हे मान्य झाले असते असे मला वाटते, कारण पुढे उपयोग नसलेल्या पदार्थावर संस्कार होऊच शकत नाही, असा त्यांचाच सिद्धांत आहे. सातूच्या पिठाचा होम सांगणाऱ्या एका विधिवाक्यात व्याकरणाच्या दृष्टीने पिठावर संस्कार होतो असा अर्थ निघतो. परंतु होमात पीठ जळून भस्म होते, पुढे त्याचा काही उपयोग उरत नाही. म्हणून मीमांसकांनी सरळ विभक्तीचा अर्थ बाजूला सारून पीठ हे होमाचे साधन आहे असा अर्थ लावला. उपयोग नाही तेथे योग्यता नाही, ही गोष्ट त्यांना इतकी निश्चित वाटत होती की त्यांनी व्याकरणालाही मुरड घातली.

आता या योग्यतेचा जो विशेष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्याकडे येतो. ती टिकत नाही. प्लास्टिकच्या फिल्मवर छपाईपूर्वी विजेच्या झोताने असाच संस्कार करतात; फिल्म गुंडाळून वखारीत ठेवली की दिवसागणिक, आठवड्यागणिक तिचा डाइन उतरत जातो, आणि म्हणून छपाईच्या यंत्रावर चढवताना पुष्कळ ठिकाणी ती पुन्हा झोताखालून काढतात. पॉलिडायमिथिलसिलोक्सेन नावाच्या सिलिकोन रबराच्या बाबतीत तर ही मुदत फारच तोकडी आहे. त्याचा तुकडा आणि काच या दोहोंना ऑक्सिजनच्या प्लाझ्मात ठेवून काही मिनिटांच्या आत एकमेकांवर टेकवले, तर सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा असा बंध जुळतो की पुढे रबर फाटेल पण जोड सुटणार नाही. काही तास दवडले तर तोच तुकडा काचेवरून सहज उचलता येतो. असे का व्हावे? पृष्ठावर आलेले नवे गट वळून आत तोंड करतात, आणि आतील लहान साखळ्या, ज्यांना प्लाझ्माची झळ लागलेली नसते, त्या हळूहळू वर सरकून पृष्ठ व्यापतात. बाहेरून धूळ बसली नाही तरी हे होते. आतले न पालटलेले द्रव्य पालटलेल्या पृष्ठावर आपला अंमल पुन्हा बसवते. आणि तोच संस्कारित तुकडा हवेत न ठेवता पाण्यात बुडवून ठेवला, तर त्याची योग्यता पुष्कळ अधिक काळ राहते, कारण ज्यांच्यासाठी ते गट उत्पन्न झाले त्यांचा सहवास त्यांना बाहेर तोंड करून राहावयास लावतो.

सत्संगाविषयी मी जे लहानपणापासून ऐकत आलो, त्यातील पुष्कळसे उपदेश म्हणून ऐकले आणि विसरलो. परंतु या रबराच्या तुकड्याचा विचार करताना त्याची कारणमीमांसा मला प्रथम दिसली. संत असे सांगत नव्हते की सज्जनांच्या सहवासाने मनुष्याचा गाभा तात्काळ पालटतो. आतले वर येऊ पाहत असते. सहवास त्याला थोपवून धरतो. नित्यकर्माची उपपत्तीही मला याच दिशेने लावावीशी वाटते. संध्या रोज का करावी, काल केलेली आज का पुरू नये, या प्रश्नाला विधी आहे म्हणून, असे उत्तर शास्त्राने दिले आहे आणि ते शास्त्राच्या दृष्टीने पुरेसेही आहे; परंतु ज्याला विधीची आज्ञा पुरत नाही त्याला हेही सांगता येईल की, ग्रहणक्षमता ही संचित करून ठेवण्याची वस्तू नाही. अतिरेकाचेही तसेच. प्लाझ्माचा मारा गरजेपेक्षा अधिक झाला तर साखळ्या तुटून पृष्ठावर बारीक चुऱ्याचा दुबळा थर साचतो; थेंब त्यावर सुरेख पसरतो, चाचणी उत्तीर्ण होते, चिकटद्रव्यही धरते, पण ते धरते त्या चुऱ्याला, आणि चुराच पृष्ठापासून सुटून येतो. कायाक्लेशाने मिळवलेल्या वैराग्याविषयी आपल्या परंपरेने जी सावधगिरी सांगितली आहे, तिचे मर्म याहून निराळे नसावे.

परंतु जी गोष्ट मला खरोखर अस्वस्थ करते ती दुसरी आहे. योग्यता कशासाठीतरी असते, कोणाच्यातरी अपेक्षेने असते आणि मुदतीची असते, हे ज्या परंपरेने इतक्या बारकाईने ओळखले, त्याच परंपरेने व्यवहारात तिचे वतन केले. उपनयनाने येतो तो वेदाध्ययनाचा अधिकार. अध्ययन न करणाऱ्याच्या बाबतीत तो संस्कार, मीमांसेच्याच न्यायाने, उपयोगावाचूनचा ठरावयास हवा होता. प्रत्यक्षात झाले असे की, अध्ययन सुटले, अधिकार राहिला, आणि तो बापाकडून मुलाकडे सनदेसारखा उतरत गेला. त्याहून भयंकर म्हणजे, योग्यतेच्या उलट जी अयोग्यता, तीही वंशपरंपरेने चालवली गेली. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक पाणी प्याले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलने १९२३ सालीच केला होता आणि महाडच्या नगरपालिकेने त्याला मान्यताही दिली होती. तरी सभेहून परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली, आणि पुढे सनातन्यांनी पंचगव्याच्या घागरी तळ्यात ओतून, मंत्र म्हणून, तळे ‘शुद्ध’ करून घेतले.

या प्रसंगाला प्रोक्षणाचा प्रश्न लावून पाहावा. त्या शुद्धीने काय पालटले, आणि कोठे? दोष काढला म्हणावे, तर पाण्यात दोष नव्हता. माणसाने ओंजळभर पाणी घेतल्याने पाण्यात कोणताही पालट होत नाही, आणि त्याची परीक्षा कोणत्याही साक्षीदाराकडून करून घेता आली असती. गुण घातला म्हणावे, तर शेण आणि गोमूत्र ओतल्याने पिण्याच्या पाण्यात गुण येत नाही. म्हणजे व्रीहीतली शक्ती मानणाऱ्या मीमांसकाला येथे उभे राहावयास जागाच नाही. राहता राहिले उदयनाचार्य, ज्यांच्या मते संस्कार हा कर्त्याच्या ठिकाणी होतो. त्यांचे मत स्वीकारावे, तर ती घागर ओतणाऱ्याने जे काही केले ते स्वतःलाच केले. आणि ज्याला तो विटाळ म्हणत होता तोही, त्याच न्यायाने, पिणाऱ्याच्या हातात किंवा पाण्यात नव्हता, पाहणाऱ्याच्या ठिकाणी होता. आमच्या तर्कशास्त्राने नऊशे वर्षांपूर्वी हातात दिलेला हा निवाडा महाडच्या एकाही शास्त्र्याने त्या दिवशी वाचून दाखवला नाही, याचे दुःख मला आहे. या तळ्यापासून अस्पृश्यांना वगळण्याची अनादि वहिवाट सिद्ध झाली नाही, असा निर्णय मुंबईच्या हायकोर्टाने १९३७ साली दिला. धर्माने जे आपणहून सांगावयाचे ते न्यायालयाला फिर्यादीच्या निमित्ताने सांगावे लागले.

कोणी म्हणेल, सर्वच संस्कार इतके क्षणभंगुर नसतात. आणि ते खरे आहे. याच प्लाझ्माचा दुसरा एक प्रयोग पुणे-पिंपरीच्या पट्ट्यातील उष्णसंस्काराच्या कारखान्यांतून चालतो, त्याला नायट्रायडिंग म्हणतात. पोलादाचा दंतचक्रासारखा भाग निर्वात भट्टीत ऋणध्रुव म्हणून जोडून, नायट्रोजनच्या प्लाझ्मात सुमारे ५०० अंशांवर कित्येक तास ठेवतात. नायट्रोजन पोलादात शिरतो, तेथील क्रोमियम, ॲल्युमिनियम यांच्याशी संयोग पावतो, आणि मिलिमीटरच्या काही दशांश खोलीपर्यंत असा कठीण थर तयार होतो की तो वर्षानुवर्षे झिजत नाही. हा संस्कार वखारीत ठेवल्याने उतरत नाही. मग मुदतीचा माझा सिद्धांत पडतो काय? मला वाटते, पडत नाही. उलट त्यात एक भेद स्पष्ट होतो. नायट्रायडिंगने वस्तूला जे मिळते ते दुसऱ्याला न जुमानण्याचे सामर्थ्य आहे: घर्षणाला, ओरखड्याला, गंजाला. पेटीच्या खाचेला जे मिळते ते दुसऱ्याला धरून घेण्याचे सामर्थ्य आहे. पहिले दीर्घायुषी आहे आणि दुसरे अल्पायुषी आहे, आणि याचे कारण दोहोंच्या स्वरूपातच आहे, कारण जे बंध आतल्या आत जुळून गेले ते कशाचीच वाट पाहत नाहीत, आणि जे बाहेरच्याची वाट पाहत उघडे राहिले त्यांना कोणी आले नाही तर आत वळावेच लागते. मनुष्यावर झालेल्या संस्कारांतही हे दोन प्रकार असतात. शिस्त, व्रत, सोवळे, कुलाचार यांनी माणूस टणक होतो आणि तसाच टिकतो. संकटात त्याचा उपयोगही होतो. परंतु त्या टणकपणालाच धार्मिकता समजण्याची चूक आपण पिढ्यान्‌पिढ्या केली, आणि जी दुसरी, नाजूक, रोज नव्याने करावी लागणारी तयारी, तिची किंमत टिकाऊपणाच्या मापाने करून तिला कमी लेखले.

संतांनी बाह्य शुद्धीवर कोरडे ओढले ते या टणक सोवळ्यावर. आणि ते योग्यच होते. परंतु त्यांच्या वचनांचा आधार घेऊन, बाह्य ते सर्व क्षुद्र आणि खरे तेवढे अंतरात, असा जो सिद्धांत पुढे रूढ झाला तो मला अर्धवट वाटतो. नैयायिकांनी संयोगाचे एक लक्षण सांगितले आहे: तो आपल्या आश्रयाला सर्वांशाने व्यापत नाही. झाडाच्या शेंड्याला माकड बसले असता झाड शेंड्यापाशी माकडाशी संयुक्त आहे आणि बुंध्यापाशी त्याच वेळी संयुक्त नाही, हा त्यांचा ठरलेला दृष्टांत. दोन वस्तू जेव्हा जेव्हा भेटतात तेव्हा सीमेवर भेटतात. गाभ्याने गाभ्याला कोणी भेटत नाही. मोटारीच्या दिव्याचा गाभा कितीही उत्तम प्लास्टिकचा असो, १० नॅनोमीटरचा थर तयार नसेल तर पावसाळ्यात आत पाणी शिरणारच. माणसाचे बोलणे, पाहणे, दारात आलेल्याला घरात घेणे, हे सारे पृष्ठावरचेच व्यवहार आहेत, आणि अंतःकरण निर्मळ असल्याचा दाखला त्यांच्यावाचून दुसऱ्या कोठून मिळणार, हे मला कळत नाही.

मूळ प्रश्नाचे तिसरे उत्तर ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या सूत्रावरील भाष्यात शंकराचार्यांनी दिले आहे, आणि ते मीमांसक व नैयायिक या दोघांहून मला अधिक जवळचे वाटते, जरी त्याचा हेतू अगदी निराळा आहे. मोक्ष हा संस्काराने साध्य होणारा नव्हे, असे त्यांना सिद्ध करावयाचे आहे. त्यासाठी ते कुमारिलांचीच विभागणी हाती घेतात आणि विचारतात की, ब्रह्मात गुण घालता येत नाही आणि त्यातून दोष काढता येत नाही, मग संस्कार कसला? आरसा घासल्याने त्याची चकाकी प्रकट होते, तसे आत्म्याचे होईल, असा पूर्वपक्षही ते स्वतःच मांडतात आणि आत्मा कोणत्याही क्रियेचा विषय होत नाही म्हणून तो खोडून काढतात. मग स्नानाने, आचमनाने जो शुद्ध होतो तो कोण? त्यांचे उत्तर, देहाशी जोडलेला, ‘मी कर्ता’ असे म्हणणारा, तो. म्हणजे संस्कार गाभ्यात होत नाही आणि निव्वळ बाह्य वस्तूतही होत नाही. आत्मा आणि देह यांची जेथे गाठ पडली आहे, त्या सीमेवर तो होतो. व्रीहीचा वाद जर मला मिटवावयाचा असता तर मी याच ठिकाणी मिटवला असता.

परंतु येथून पुढे माझी आणि आचार्यांची वाट एक राहत नाही. त्यांच्या दृष्टीने ती सीमा अविद्येने कल्पिलेली आहे, आणि ज्ञान झाले की ती, तिच्यावरच्या सर्व संस्कारांसह, मावळते. रबर आणि काच यांचा जोड पूर्ण झाल्यावर मध्ये पृष्ठ उरत नाही आणि उतरण्यासारखी योग्यताही उरत नाही, हे या मताच्या जवळ जाणारे वाटेल. पण आचार्य तेही नाकारतील, कारण मोक्ष हा दोघांचा संयोग नव्हेच. वारकऱ्याचे मात्र निराळे आहे. तो पंढरपूरला जातो, पायांवर मस्तक ठेवतो, आणि परत येतो. पुढच्या आषाढीला पुन्हा निघतो. त्याला सीमा पुसून हवी नाही, कारण ती पुसली तर पायांवर मस्तक ठेवणारा कोणी उरणार नाही. हा स्पर्शसुद्धा साऱ्यांना सहजी मिळाला नाही. मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात तेथे उपोषणाला बसावे लागले. शंकराचार्यांच्या तर्काला मजजवळ उत्तर नाही, हे मी जाणतो, आणि तरीही योग्यता उतरणार हे ठाऊक असून दर वर्षी पुन्हा तयार होणाऱ्या त्या माणसाला अज्ञानी म्हणण्यास माझी बुद्धी धजत नाही. ज्ञान झाल्यावरही त्याला वारी करावीशी का वाटावी, या प्रश्नाचे उत्तर अद्वैताने अजून द्यावयाचे आहे.